विजेचे बिल आणि न्यायबुद्धी

बेळगाव, पणजी, बडोदे, इंदूर, हैदराबाद, कोठेही चार मराठी माणसे बसली, की बोलणे फिरत फिरत विजेच्या बिलावर येऊन थांबते, हा अनुभव आमच्या वाचकांस नवा नाही. पूर्वी ही जागा धान्याच्या भावाने अडविलेली असे. धान्याचे भाव आजही वाढतात, तेलाचे वाढतात, शाळेची फी वाढते. पण त्यांविषयी माणसे हळहळतात, विजेच्या बिलाविषयी मात्र चिडतात. हळहळणे आणि चिडणे यांत भेद आहे. तूट पडली म्हणजे माणूस हळहळतो. आपणांस कोणी फसविले, निदान विचारले नाही, असे वाटल्याखेरीज तो चिडत नाही. तेव्हा आम्हांस येथे पाहावयाचे आहे ते हे, की हा राग न्यायबुद्धीतून उपजलेला आहे, की खिशाला बसलेल्या चिमट्याची ती नुसती ओरड आहे? दोन्ही एकाच कागदावरून उठतात आणि दोहोंचा आवाजही सारखाच असतो, म्हणून त्या निवडून वेगळ्या करणे अगत्याचे आहे.

वाण्याच्या दुकानी गेलेला मनुष्य भाव आधी विचारतो. परवडला तर घेतो, न परवडला तर पावशेरावर भागवितो, किंवा पलीकडच्या दुकानी जातो. तराजू त्याच्या डोळ्यांसमोर असतो. विजेच्या बाबतीत यांतले काहीच नाही. दुकान एकच, माप पेटीत बंद, आणि माल आधी वापरावयाचा, भाव मागाहून कळावयाचा. शिवाय हा माल नाकारताही येत नाही. नळाला पाणी चढविणारा पंप, मुलांचा अभ्यास, आजाऱ्याच्या उशाजवळचा पंखा, हे सारे त्या एका तारेवर टांगलेले आहे. ज्या व्यवहारात घेणाऱ्याला नकार देण्याची सोय नाही, तेथे किंमत ठरविणाऱ्याची नैतिक जबाबदारी दुप्पट होते. कौटिल्याने अर्थशास्त्रात व्यापाऱ्याचा नफा देशी मालावर शेकडा ५ आणि परदेशी मालावर शेकडा १० असा बांधून दिला, त्यामागे हीच जाण असावी. आजचे वीज नियामक आयोगही कंपन्यांचा परतावा असाच ठरवून देतात. म्हणजे तत्त्व जुने आहे आणि मान्यही आहे. मग घोडे अडते कोठे?

उदाहरणादाखल बेळगावचीच गोष्ट घेऊ. कर्नाटकात विधानसभेचे मतदान १० मे २०२३ रोजी झाले आणि मतमोजणी १३ मे रोजी झाली. मधल्या १२ मे रोजी राज्याच्या वीज नियामक आयोगाने दरवाढीचा हुकूम जाहीर केला. वाढ सरासरी युनिटमागे ७० पैसे. त्यांतले ५७ पैसे स्थिर आकारातून आणि १३ पैसे वापराच्या दरातून. ती लागू मात्र १ एप्रिलपासून. जूनच्या बिलात मागील फरक चढून आला तेव्हा बेळगाव, हुबळी आणि आसपासच्या भागांत एकच गहजब उडाला. कारखानदार रस्त्यावर आले, घरोघरी लोक जुनी बिले काढून नव्यांशी ताडून पाहू लागले.

आता रकमेचा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवू. एप्रिलमध्ये ज्याने दिवा लावला, त्याला त्या दिव्याचा भाव मे महिन्यात सांगण्यात आला. जेवण झाल्यावर खानावळवाल्याने पाटीवरचे आकडे पुसून नवे लिहावेत आणि ‘तुम्ही जेवलात ते या भावाने’ म्हणावे, तसा हा प्रकार. हुकूम कायद्याला धरून असेल. आम्ही त्याविषयी वाद घालीत नाही. पण ज्या किंमतीवर माणसाला आपले वागणे बेतता येत नाही, ती किंमत राहत नाही, ती वसुली होते. ॲडम स्मिथने १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात कराविषयी असेच काहीसे सांगितले आहे: कराच्या वाटणीत बरीच विषमता असली तरी लोक ती सोसू शकतात, पण किती आणि केव्हा द्यावयाचे याची थोडीशी अनिश्चितता त्याहून मोठे अनिष्ट होय. विजेचे बिल हा कर नव्हे हे खरे. परंतु ज्याला नाही म्हणता येत नाही ते देणे कराच्या पंक्तीलाच बसते.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. वीज आकाशातून पडते ती फुकट. तारेतून येते ती कोणीतरी कोळसा खणून, तो आगगाडीने वाहून, जाळून, खांब रोवून, पावसाळी रात्री खांबावर चढून आणलेली असते. हा खर्च वाढला तर दर वाढणारच. ‘दर वाढवूच नका’ म्हणणाऱ्याने तूट कोणाच्या माथी मारावी हेही सांगितले पाहिजे, आणि ते सहसा कोणी सांगत नाही. स्थिर आकाराविरुद्धची तक्रारही आम्हांस निम्मीच पटते. पुण्या-मुंबईस स्थायिक झालेली मंडळी म्हणतात, गावचे घर अकरा महिने कुलूपबंद, तरी बिल येते. पण गावच्या विहिरीचा गाळ काढण्याची वर्गणी, आपण त्या वर्षी पाणी भरले की नाही यावर ठरत नाही. गणपतीला घर उघडताच बटण दाबले की दिवा लागावा अशी अपेक्षा असेल, तर उरलेले अकरा महिने कोणीतरी ती तार सांभाळली पाहिजे. वादाला जागा आहे ती या आकाराच्या प्रमाणाविषयी. वाढीचा मोठा वाटा वापरावर न टाकता स्थिर आकारावर टाकला, की काटकसर करणाऱ्याची काटकसर फुकट जाते. तो कितीही दिवे मालवो, बिल फारसे उतरत नाही. तेथे मात्र आम्ही तक्रारदाराच्या बाजूचे आहोत.

तसेच एकाने दुसऱ्याच्या दिव्यासाठी थोडे अधिक द्यावे की नाही, या प्रश्नाचे. शेतकऱ्याच्या पंपाला वीज मोफत किंवा नाममात्र, कारखान्याला आणि दुकानाला महाग, घराला मध्यम, अशी मांडणी आपल्या बहुतेक राज्यांत आहे. पुष्कळ सुशिक्षित लोकांना यात अन्याय दिसतो. आम्हांस दिसत नाही. पोस्टाचे तिकीट घ्या. शेजारच्या पेठेत जाणारे पत्र आणि हिमालयाच्या पायथ्याशी जाणारे पत्र एकाच किंमतीच्या तिकिटावर जाते. जवळचे पत्र लांबच्या पत्राचा भार उचलते, आणि त्याबद्दल आजवर कोणी मोर्चा काढल्याचे आमच्या ऐकिवात नाही. कारण तिकिटावरचा आकडा स्वच्छ छापलेला असतो आणि तो सर्वांना सारखा असतो. भार उचलण्याला लोकांचा विरोध फारसा नसतो. तो भार कोणता, कोणाचा आणि किती, हे दडवून ठेवले की मनात अढी बसते.

२०२३ च्या त्याच हुकुमाने घरगुती वापराचे दोन टप्पे केले होते. महिन्याला १०० युनिटांपर्यंत दर ४ रुपये ७५ पैसे; आणि वापर १०० च्या वर गेला तर पहिल्या युनिटापासून सर्व युनिटांना ७ रुपये. स्थिर आकार वगळून हिशेब केला, तर १०० युनिटांचे होतात ४७५ रुपये आणि १०१ युनिटांचे ७०७. एका युनिटाची किंमत २३२ रुपये! त्या एका युनिटात गृहस्थाने काय केले? पाहुणा आला म्हणून पंखा बराच वेळ अधिक चालविला असेल, किंवा रीडिंग घेणारा मनुष्य एक दिवस उशिरा आला असेल. शिक्षा अपराधाच्या प्रमाणात असावी हे तत्त्व आपण चोराला लावतो. पंखा लावणाऱ्याला ते लागू नये काय? पुढील वर्षी, १ एप्रिल २०२४ पासून, आयोगानेच ही पायरी काढून टाकली आणि सर्वांना ५ रुपये ९० पैसे हा एकच दर केला. हे बरे झाले. पण वर्षभर जे घडले ते न्याय्य होते असे त्यावरून ठरत नाही.

याच सुमारास नव्या सरकारने ‘गृहज्योती’ योजना आणली आणि जुलै २०२३ च्या वापरापासून २०० युनिटांपर्यंतची वीज घरांना मोफत झाली. राग पुष्कळसा निवळला. येथे आम्हांस जरा थांबावेसे वाटते, कारण नीतीच्या दृष्टीने या प्रकरणातला सर्वांत गहन भाग हाच आहे.

‘२०० युनिटे फुकट’ असे सर्रास म्हटले जाते, पण योजना तशी नाही. प्रत्येक घराचा २०२२-२३ या वर्षाचा मासिक सरासरी वापर काढावयाचा, त्यात १० टक्के मिळवावयाचे, आणि तेवढी युनिटे त्या घराला मोफत. एकूण वापर २०० च्या पुढे गेला की सगळेच बिल भरावयाचे. आता दोन घरे कल्पू. एका घरात दोन दिवे, एक पंखा. सरासरी ४० युनिटे. त्याला मोफत ४४. दुसऱ्या घरात शीतकपाट, पाणी तापविण्याचे यंत्र, दूरचित्रवाणी. सरासरी १७० युनिटे. त्याला मोफत १८७. म्हणजे ज्याने आजवर कमी वापरले त्याला दान कमी, ज्याने अधिक वापरले त्याला अधिक. पुढे २०२४ च्या आरंभी कमी वापराच्या घरांना १० टक्क्यांऐवजी १० युनिटे वाढवून देण्याचे ठरले, तेव्हा आपल्या पहिल्या घराला ४४ ची ५० मिळाली. तरी मूळचा प्रश्न राहतोच. हक्काचे माप माणसाच्या गरजेवरून घ्यावे, की त्याच्या मागील सवयीवरून? गरिबाची सवय ही त्याची आवड नसते. ती त्याच्या तोकड्या मिळकतीने त्याला लावलेली असते. त्या वर्षी ज्या घरात पंखा नव्हता, त्या घराला यंदाच्या वैशाखात पंख्याची गरज नाही, असा सरकारी वहीचा सिद्धांत झाला.

सरकारची अडचण आम्ही जाणतो. सर्वांना सरसकट २०० दिली असती, तर ४० युनिटांत भागविणारेही हात सैल सोडतील ही भीती होती. भीती खोटी नाही. पण काटकसरी माणूस उधळा होईल म्हणून त्याला कमी द्यावे आणि उधळ्याला त्याची उधळ भागेल एवढे द्यावे, हा युक्तिवाद आमच्या गळी उतरत नाही.

मोफत वीज हे चढ्या दरावरचे उत्तर आहे काय, हा त्याहून कठीण प्रश्न. ज्या घरी महिन्याचे पाचशे-सातशे रुपये वाचले, त्या घरी ते औषधाला, वह्यांना, शिलाई-यंत्राच्या हप्त्याला उपयोगी पडले असतील. त्यांच्याकडे पाहून नाक मुरडणे हे पोट भरलेल्यांचे तत्त्वज्ञान आहे, आणि आम्हांस ते नको. तथापि दर न्याय्य आहे की नाही ही शंका, आणि दर कोणीतरी आपल्या वतीने भरून टाकला ही सोय, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दुसरीने पहिली सुटत नाही, झाकली जाते. ज्याला बिल शून्याचे येते तो दर वाढला की घटला हे पाहत नाही. आणि ज्याला पाहावे लागते, तो किरकोळ दुकानदार, गिरणीवाला, २०० च्या पुढे गेलेले एकत्र कुटुंब, हे एकटे पडतात. २००३ च्या वीज कायद्याने राज्य सरकारला बंधन घातले आहे, की अशी सवलत द्यावयाची तर तिची रक्कम आगाऊ भरली पाहिजे. शहाणपणाची तरतूद आहे. दानाचे पैसे वेळेवर न भरले, तर दान एकाचे आणि कर्ज दुसऱ्याचे होते.

कर्जावरून आठवले. एप्रिल २०२५ पासून कर्नाटकातील बिलांत युनिटमागे ३६ पैसे निराळे आकारण्यात येऊ लागले, ते वीज कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनासाठी आणि ग्रॅच्युइटीसाठी. त्यावर जी टीका झाली तिच्यातला ‘त्यांचे पेन्शन आम्ही का भरावे?’ हा सूर आम्हांस आवडला नाही. वादळात तुटलेली तार जोडणाऱ्या लाईनमनचे म्हातारपण हा विजेच्या खर्चाचाच भाग आहे. आक्षेप असावयाचा तर तो निराळा असावा. हे देणे त्याच्या नोकरीच्या वर्षांत जमत गेले. त्या वर्षांत ज्यांनी त्याची सेवा घेतली त्यांच्याकडून ते थोडे थोडे घेऊन बाजूस ठेवावयास हवे होते. तसे पुरेसे झाले नाही, आणि आज ज्याने नुकतेच बिऱ्हाड थाटले आहे त्या तरुण जोडप्याच्या दिव्यावर ते चढले. दिल्लीतही निराळ्या रूपाने हेच झाले. दर वाढविणे गैरसोयीचे म्हणून तूट वर्षानुवर्षे वहीत ‘येणे’ म्हणून लिहीत गेले. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सर्व राज्यांच्या आयोगांना मुदत घालून द्यावी लागली, की ही साचलेली रक्कम ठराविक वर्षांत फेडून मोकळे व्हा. निवडणुकीच्या वर्षी जो दर गोड ठेवला जातो, त्याची कडू गोळी पुढच्यांच्या पानात वाढलेली असते. घरातला कर्ता पुरुष असे वागला तर भाऊबंद त्याला काय म्हणतील, ते वाचकांनी मनात म्हणून पाहावे.

बेळगावात आणखी एक गोष्ट बोलली जाते. बिलावरचा मजकूर कन्नड, तो मराठी माणसाला वाचता येत नाही. तक्रार रास्त आहे आणि जुनी आहे. पण तेच बिल कन्नड शेजाऱ्याकडे नेले तर काय होते? अक्षरे तो घडाघडा वाचतो, अर्थ त्यालाही लागत नाही. इंधन समायोजन म्हणजे कोणत्या महिन्याचे इंधन, कोणाचे समायोजन, हे दोघांनाही सारखेच अंधारात. भाषेच्या वादात जे एरवी समोरासमोर उभे असतात, त्यांना या एका कागदाने एका बाकावर आणून बसविले आहे.

न समजणाऱ्या बिलाचा राग किती झपाट्याने भडकतो, हे बडोद्याने मे २०२४ मध्ये पाहिले. नवे प्रीपेड स्मार्ट मीटर बसविले गेले आणि लोकांना दिसू लागले, की भरलेले पैसे पाहता पाहता आटत आहेत. गृहिणींसह लोक कचेऱ्यांवर गेले. कंपनीचे म्हणणे असे, की मागील बिलाची बाकी रोज थोडी थोडी कापली जात आहे, मीटर पळत नाही. हे खरे असेलही. पण बसविण्यापूर्वी घरधनिणीला दोन वाक्यांत हे सांगावयास कोणती अडचण होती? शेवटी सक्ती थांबली आणि खात्रीसाठी नव्याशेजारी जुना मीटर लावून दाखविण्याचे ठरले. मोजणाऱ्यावरचा विश्वास उडाला की अचूक मापही खोटे वाटते. हैदराबादेत तर याहून दारुण घडले. दरवाढीविरुद्ध निघालेल्या मोर्चावर २८ ऑगस्ट २००० रोजी बशीरबागेत गोळीबार झाला आणि तीन माणसे प्राणांस मुकली. विजेच्या दरासाठी माणसे मरावीत! तेथील जुने लोक आजही ती तारीख विसरलेले नाहीत.

इथवर आम्ही रागाची वकिली केली. आता त्या रागालाच एक प्रश्न विचारणे भाग आहे. किंमत फार झाली म्हणून आपण चिडतो. ती फार थोडी होती तेव्हा आपण कधी चिडलो होतो काय? १९२१ साली मुळशी खोऱ्यातील मावळ्यांनी सत्याग्रह केला. पुढे सेनापती बापट म्हणून ओळखले गेलेले पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी. धरण टाटांचे, वीज मुंबईसाठी, बुडाली ती मावळ्यांची भातखाचरे. मुंबईच्या गिरण्यांना आणि घरांना जे बिल गेले, त्यात त्या खाचरांचा आकार कोठे होता? कोयनेच्या विस्थापितांची पुढची पिढीही पुनर्वसनाच्या कचेऱ्यांत खेटे घालीत राहिली, आणि त्या विजेवर महाराष्ट्राचे कारखाने चालले. गोव्याला बहुतेक वीज बाहेरून आणावी लागते; तिच्यासाठी मोले अभयारण्याच्या रानातून उच्चदाब वाहिनी नेण्याचे ठरले, तेव्हा २०२० मध्ये गोव्यातील तरुण मंडळी उभी राहिली. त्यांना अनेकांनी विचारले, ‘वीज हवी, तार नको, हे कसे?’ प्रश्न टोचणारा होता, आणि त्याला उत्तरही होते: तार हवी, पण तिची खरी किंमत, झाडांसकट, आधी आमच्यापुढे मांडा. आम्हांस वाटते, बेळगावच्या गृहस्थाची ३६ पैशांबद्दलची मागणी आणि मोलेच्या तरुणांची झाडांबद्दलची मागणी मुळात एकाच जातीची आहे. फरक इतकाच, की पहिली आपल्या खिशातून उठते म्हणून लवकर ऐकू येते. ज्याला बिलातल्या लपलेल्या आकारांचा राग येतो, त्याने बिलात कधीच न आलेल्या आकारांविषयी कान बंद करून घेतले, तर त्याच्या रागाला न्यायबुद्धी म्हणणे आम्हांस जड जाईल.

कायदा या सर्वांस अगदी मुका नाही. दर बदलावयाचा तर कंपनीने आयोगाकडे अर्ज करावा, तो प्रसिद्ध करावा, लोकांच्या सूचना व हरकती ऐकून १२० दिवसांत निकाल द्यावा, असे २००३ चा कायदा सांगतो. सुनावण्या होतातही. त्यांना कारखानदारांच्या संघटना हिशेबनीस घेऊन हजर राहतात, शेतकऱ्यांचे पुढारी येतात. घरे मात्र बहुधा येत नाहीत. अर्ज जाडजूड, तक्त्यांनी भरलेला. सुनावणीचा दिवस कामाचा. आणि ‘आपले कोण ऐकतो’ ही आपली पिढीजात समजूत. वास्तविक आपल्याकडे दुधाचे खाडे भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवणाऱ्या आणि महिनाअखेर गवळ्याला अर्ध्या लिटरचाही हिशेब चुकू न देणाऱ्या बायका घरोघर आहेत. त्यांनी बारा महिन्यांची बिले तारखेने लावून त्याच वहीत उतरून काढली, कोणत्या महिन्यात कोणता आकार नव्याने आला ते शेजारी लिहिले, आणि अशा पाच-पंचवीस वह्या पुढच्या सुनावणीच्या टेबलावर ठेवल्या गेल्या, तर आयोगाच्या सदस्यांना त्या उघडून पाहाव्या लागतील. वह्या मराठीत असल्या तरी आकडे वाचावयास दुभाष्या लागत नाही.